घरच्या जात्यावरची हळद

वाघजाईवाडी, ता. कडेगाव
२१ डिसेंबर

चि. सौ. अंकितास,

‘सौ.’ लिहिताना हात जरा थांबला. परवापर्यंत नुसती अंकी होतीस. तुझ्या नावामागं ते लागलं, आनंद आहे. माझ्या नावामागचं निघून किती वर्षं झाली, तुला माहीतच आहे. काका गेले तेव्हा तू तिसरीत होतीस आणि पुढं कॉलेजला जाईपर्यंत माझ्याच कुशीत झोपलीस.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसती ‘हं, हं’ करतेस, मागं तुझ्या लोणंदच्या सासरची माणसं बोलत असतात, आणि मला काही सुचत नाही. काका पलटणीत होते तेव्हा मी पत्रंच लिहायची. तीच सवय. बारावी झालेली बाई आहे मी, पण चिडले की गावची बोली सुटते, ती सांभाळून घे.

मला एकच विचारायचं आहे. हळदीच्या दिवशी माझी वाटी कुठं गेली होती?

हळद माझ्या मळ्यातली होती गं. गेल्या साली हळद काढली तेव्हाच जाड जाड हळकुंडं तुझ्यासाठी निवडून ठेवली, सांगलीच्या बाजारात पाठवली नाहीत. शिजवली मी, वाळवली मी, लग्नाच्या आठवड्यात जात्यावर दळलीही मीच. पितळेच्या वाटीत भरून वर खणाचं फडकं बांधलं आणि मांडवात घेऊन आले. तर तुझी आई म्हणाली, “विजे, चुलीकडं बघून ये गं जरा, भाताला पाणी कमी पडलंय म्हणत्यात.” अक्का थोरली जाऊ माझी, आजवर तिच्या शब्दाला उलटून बोलले नाही. वाटी पाटाजवळ ठेवून गेले. आचारी म्हणाला, “काकी, भात कवाच उतरलाय की.”

परत आले तर तुझ्या गालाला हळद लागलेली. पिवळीधमक, दुकानातल्या पुडीची. माझ्या हळदीचा रंग तांबूस येतो, मला लांबून कळतं. दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना माझी वाटी कोठीच्या खिडकीत सापडली. फडक्याची गाठ मी मारली होती तशीच होती.

मी थक्क झाले, अंकी. राग मागनं आला. आधी नुसती उभी राहिले वाटी हातात धरून, बाहेर मंडपवाले खांब काढत होते, ते बघत.

तुला हळद लावायला मिळावी असं मी कधी म्हटलं होतं का? पाच सवाष्णींचा मान त्यांचा त्यांनी घ्यावा. हात त्यांचे आणि हळद माझी, एवढंच माझं मागणं होतं, तेसुद्धा मनातल्या मनात. आणि सवाष्णींचंच म्हणशील तर मला पाचींनी हळद लावली होती. पाचींचे नवरे आजही धडधाकट आहेत, दोघं तर पारावर तंबाखू मळत बसतात. मग तुझे काका का गेले, हे मला त्यांच्यापैकी एकीनं तरी सांगावं.

देव मी मानते. खंडोबाचा दिवा माझ्या घरात एक दिवस चुकत नाही. पण माझ्या हातची हळद बाटते असं देवानं कुठं सांगितलंय?

हे अक्काचंच काम आहे. तू पाटावर बसलेली, तुला कुठलं कळणार. तरी एकदा कळव, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल.

तुझी,
विजूकाकी


वाघजाईवाडी
२७ जानेवारी

चि. अंकी,

तुझं उत्तर आलं नाही. शिवतेजला पलटणीत क्वार्टर मिळून तुम्ही दोघं तिकडं गेलात हे तुझ्या वडलांकडून, अण्णांकडून कळलं, नवा पत्ताही त्यांनीच दिला. नवीन संसार आहे, गडबड असेल म्हणून सोडून दिलं. पण काल जे झालं ते तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं.

काल सव्वीस जानेवारी. सकाळी शाळेत झेंड्याला मला बोलावलं होतं. सरपंच झालीय आता आपली बनुबाई. तिनं माइकवर माझं नाव घेतलं, वीरपत्नी श्रीमती विजयमाला, असं. साडी दिली, नारळ दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बनुबाई माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी म्हटलं, “अगं, तू माझ्याहून मोठी हायस.” तर म्हणते, “तुमचा मान मोठा हाय, वैनी.” बरं वाटलं. खोटं का बोलू, डोळे भरून आले माझे.

दुपारी त्याच शाळेत, त्याच सतरंजीवर बायकांचं हळदीकुंकू होतं. दवंडीत ‘समस्त महिलांनी’ म्हटलेलं, म्हणून मी गेले. सकाळी मिळालेली साडीच नेसून गेले. ओळीनं बसलो होतो. बनुबाई करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत येत होती. माझ्या शेजारची धोंडुबाई झाली, मग मी. तिचं बोट माझ्या कपाळासमोर आलं आणि तसंच पुढच्या बाईकडं गेलं. वाण मात्र दिलं मांडीवर, प्लॅस्टिकची चाळणी.

अंकी, सकाळी जी बाई माझ्या पायाशी वाकली तिचंच बोट होतं ते. मला कळेना की आपण जागे आहोत का. धोंडुबाई तोंड फिरवून बसली.

मग माझं डोकं फिरलं. उठले, बनुबाईच्या हातातल्या करंड्यात बोट घातलं आणि माझ्या कपाळाला माझी मी हळद लावली. कुंकवाला हात लावला नाही, नुसती हळद. म्हटलं, “बनुबाई, सकाळी माझ्या नावानं टाळ्या वाजवल्यास. आता तुजं बोट का लुळं पडलं?”  मी चाळणी तिथंच ठेवली आणि घरी आले.

घरी तुझी आई वाटच बघत होती. बातमी माझ्याआधी पोचलेली. “गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस,” म्हणाली. मीही सोडलं नाही. इतके दिवस गिळलं होतं ते सगळं काढलं, वाटीचंसुद्धा. “पोरीच्या हळदीत माझी वाटी खिडकीत लपवलीस तवा तुला तोंड कसं दाखवता आलं?”

 अक्का खाली बसली आणि म्हणाली, “मी न्हाई, विजे. तुज्या लाडकीनंच सांगितलं मला. ‘आई, काकीची हळद नको. काकीला वाईट न वाटता काय तरी कर,’ म्हणली. मी आपलं भाताचं निमित्त केलं.”

मी म्हटलं खोटं बोलतेस. तिनं खंडोबाच्या दिव्यावर हात ठेवला.

आता तू सांग.


३० जानेवारी

अंकिता,

तुला लिहून तीन दिवस झाले. मळ्यात जाते, हळद खणून काढायची खांदणी चालू आहे, बायका बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही.

बनुबाईचं समजू शकते. तिची आई तशी, सासू तशी. अक्काचंही समजू शकते. पण तू एमएस्सी झालीस. तू मला मोबाइलवर पाण्यातले किडे दाखवायचीस आणि म्हणायचीस, ‘काकी, डोळ्यांना दिसत नाही ते नसतंच असं नाही, पण तपासून बघायचं.’ माझ्यात तू काय तपासलंस?

काका गेले त्या वर्षी गल्लीतल्या बायका सकाळी कामाला निघताना माझं तोंड टाळायच्या. तू दप्तर घेऊन मुद्दाम माझ्या दारात यायचीस, परीक्षेला जाताना, माझं तोंड बघून. ‘काकीला बघितलं की पेपर सोपा जातो,’ म्हणायचीस. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पत्र नको. फोन कर. ‘हं, हं’ करू नको, बोल.


वाघजाईवाडी
९ मार्च

अंकिता,

काल तू फोनवर बोललीस. मी काही न बोलता ठेवून दिला, म्हणून लिहिते.

तुझं म्हणणं मी रात्रभर मनात घोळवलं. पाटावर बसलीस आणि एकदम काका दिसले तुला, असं म्हणालीस. पेटीत, तिरंग्यात, अंगणात ठेवलेले. आणि शिवतेजही त्याच वर्दीतला. ‘माझा विश्वास नाही काकी असल्यावर, पण त्या वेळी वाटलं, काहीही नको, एवढी एक हळद तेवढी नको. शिवतेजच्या बाबतीत कशाला धोका घ्यायचा.’ असंच म्हणालीस ना?

धोका. वाटीतल्या हळदीचा धोका.

अंकी, बनुबाई मला मानतच नाही, त्याचं दुःख तासाभरात गेलं. तू मला मानतेस, माझ्यावर जीव आहे तुझा, आणि तरी तुला माझी भीती वाटली. याला काय करू? कुणावर ओरडू? तू माफी मागत होतीस आणि मी भिंतीवरचा काकांचा फोटो बघत होते. त्यांना विचारलं, तुम्ही काय माझ्या हातानं गेलात का हो?

तुला दिवस गेलेत, हेही तू त्याच फोनवर सांगितलंस. इतकी मोठी गोष्ट, आणि मला नीट आनंदही करता आला नाही. ते तुझं देणं लागते मी. तब्येतीला जप. कच्ची पपई खाऊ नको, वजन उचलू नको. राग आला म्हणून माझी माया कुठं जात नाही. पण मला सध्या फोन करू नको.

काकी


वाघजाईवाडी
१८ ऑगस्ट

चि. सौ. अंकी,

काल तुझा फोन आला आणि मी पहिल्या रिंगला उचलला. सध्या करू नको म्हटलं होतं मीच. तरी इतके महिने रोज फोन उशाशी ठेवून झोपत होते.

तू रडत होतीस म्हणून मी फोनवर नुसतं ‘व्हय गं, व्हय गं’ करत राहिले. आता नीट लिहिते.

शिवतेजला पुढच्या चौकीवर पाठवलंय, नेटवर्क नाही, फोन कधी येईल सांगता येत नाही. याला आमच्या वेळी काही नावच नव्हतं, हेच रोजचं होतं. पहिलं म्हणजे टीव्ही बंद कर. त्या लोकांना ओरडायचे पैसे मिळतात. दुसरं, शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांत जाऊन बस, पण जी सारखी ‘मला वाईट स्वप्न पडलं’ म्हणते तिच्याजवळ बसू नको. अशी एक प्रत्येक पलटणीत असते. तिसरं, त्याचा शर्ट धुवायचा राहिला असेल तर धुऊ नको. हे का, ते विचारू नको. मी ठेवला होता.

मला एका गोष्टीचं नवल वाटलं. तू आईला आधी फोन केला नाहीस, मला केलास. म्हणालीस, ‘काकी, हे फक्त तुलाच कळतं.’ ज्या कारणानं तू माझी हळद नको म्हणालीस त्याच कारणानं तुला मी लागते. मी यावर हसले. खरंच हसले, स्वयंपाकघरात एकटीच.

अण्णा तुला आणायला येतायत. नवव्यात ओटी भरायची म्हणून अक्कानं तयारी सुरू केलीय. नवरात्रात दिवस धरलाय. मी ओटीला असेन, पण मागं, स्वयंपाकघरात. यावेळी भाताला पाणी कमी पडलंय असं कुणी सांगायला नको, मी आधीच जाऊन बसते.

सावकाश ये.

तुझी काकी


वाघजाईवाडी
२५ सप्टेंबर

अंकी,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. पत्ता तरी काय लिहू? तुझ्या आईच्या घराची आणि माझ्या घराची मधली भिंत एकच आहे. मघाशी तू पलीकडं खोकलीस ते मला ऐकू आलं. पण तोंडानं सांगायला येईना म्हणून लिहिते.

आज सकाळी जे झालं त्याचा मला धक्का बसलाय, आणि या वेळी दुसऱ्या कुणाचा नाही, माझा मलाच.

तू हिरवी साडी नेसून पाटावर बसली होतीस. बायका जमल्या होत्या. बनुबाई, धोंडुबाई, तुझ्या सासरच्या दोघी. मी ठरल्याप्रमाणं चुलीजवळ. आणि तू मोठ्यानं म्हणालीस, “पहिली ओटी काकी भरंल.”

अक्काच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बनुबाई म्हणाली, “पोरी, नवरा तिकडं सीमेवर हाय तुजा. फोन न्हाई काय न्हाई. आज तरी असलं काय करू नगंस.”

तू म्हणालीस, “तो तिकडं हाय म्हणूनच.”

मग तू पदराआडून माझी वाटी काढलीस. तीच पितळेची, खणाच्या फडक्याची. ती कुणाकडून मिळवलीस, मला अजून कळलं नाही. मी ती तुझ्या लग्नापासून फळीवर तशीच ठेवली होती, उघडली नव्हती. तू सगळ्यांसमोर गाठ सोडलीस, बोट बुडवलंस आणि स्वतःच्या कपाळाला माझी हळद लावलीस. मग मला हाक मारलीस.

अंकी, ही गोष्ट घडावी म्हणून मी इतके महिने जळत होते. बनुबाईच्या करंड्यात बोट घालणारी बाई मी. तुला पानंच्या पानं लिहून पाठवणारी मी. मी आले, हात पुसले, अक्काच्या हातातून सूप घेतलं. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सगळं त्यात. तुझ्यासमोर वाकले. तू पदर पसरलास.

आणि माझ्या डोळ्यापुढं शिवतेजचं तोंड आलं. लग्नात माझ्या पाया पडताना ‘काकी, तुम्ही फौजी घरातल्या, तुमची परवानगी लागते’ म्हणाला होता ते तोंड. माझ्या मनात आलं, आज मी ही ओटी भरली आणि उद्या फोन तसला आला तर? गाव काय म्हणेल ते सोड, गावाला मी भीत नाही. मीच काय म्हणेन? जन्मभर मीच म्हणत बसेन की माझ्या हातानं झालं.

माझा हात पुढं जाईना. मी जोर केला तरी जाईना. मी सूप बनुबाईच्या हातात दिलं आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितेय? “मी जरा चुलीकडं बघून येते.” अक्का माझ्याकडं बघतच राहिली. तिचंच वाक्य ते.

मागच्या दारानं मी माझ्या घरात आले आणि कडी लावली. पलीकडून सगळं ऐकू येत होतं. बनुबाई म्हणाली, “बघा, तिला सवताला कळलं, पर पोरीला कळंना.” आणि तू पाटावरून उठलीस. “काकी भरणार नसंल तर कुणीच भरायची न्हाई,” म्हणालीस. बायका नारळ घेऊन आल्या होत्या, तसाच परत घेऊन गेल्या. अक्का रडली. माझ्यामुळं सगळा समारंभ मोडला.

तेव्हापासून मी जमिनीवर बसून आहे. मार्चमध्ये तुला विचारलं होतं ना, धोका कसला म्हणून? आता मला कळलं तुला पाटावर काय वाटलं होतं. ते शिकल्यानं जात नाही, बारावीनं नाही आणि एमएस्सीनं नाही. जीव ज्याच्यावर असतो त्याच्या बाबतीत माणूस कुठल्याही दगडापुढं हात जोडतं. आणि या भीतीचा भार नेहमी कुणा एका बाईच्या कपाळावर टाकतात. आज तर मी तो माझा मीच उचलून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं.

आता ऐक. अक्का मघाशी दाराशी येऊन गेली. “शिवतेजचा फोन येऊ दे, तो सुखरूप हाय एवढं कळू दे, मग दसऱ्याला भरू ओटी, तूच भर,” म्हणाली. तिच्या परीनं तिनं लय मोठं मन केलं, मला कळतं. मीही आधी ‘बरं’ म्हटलं. दार लावलं आणि मग वाटलं, नाही. तो सुखरूप आहे असं कळल्यावर भरली तर त्यात मी काय केलं? मग ती बनुबाईसुद्धा मला हात धरून नेईल. तू आज भरायला बोलावलंस ते काही कळलेलं नसताना बोलावलंस. तू तुझी भीती बाजूला ठेवून पदर पसरलास आणि मी माझी घेऊन पळाले. बरोबरी व्हायला पाहिजे.

म्हणून फोनची वाट बघायची नाही. दसरा नको, मुहूर्त नको. बायकाही नकोत, अक्का तेवढी असू दे, आई आहे ती. तुझा डबा घेऊन सकाळी येते तशीच मी उद्या येईन. माझी वाटी तुझ्याकडंच आहे, ती पाटाजवळ ठेव. तांदूळ मी माझ्या घरचे आणते, नारळही आणते.

मला आताही भीती वाटते, हे तुला सांगून ठेवते. उद्या ती जाईल असं काही नाही. माझा हात पुन्हा थांबला तर मनगटाला धर आणि ओढ, लाजू नको. मी कितीही ‘चुलीकडं बघते’ म्हटलं तरी सोडू नको.

पदर तेवढा नीट पसरून बस.

तुझी,
विजूकाकी